नातं: पावणं

"खुर्च्या मेंबर्ससाठी आहेत."

असं त्या मॅडम म्हणाल्या. मी नुसता टेकलोतो. क्लबहाऊसमध्ये चाळीसएक खुर्च्या मांडलेल्या, त्यातल्या निम्म्याच्या वर मोकळ्या. रविवार, सकाळची वेळ. मी आपला मागच्या ओळीतली कडंची खुर्ची बघून बसलो, तर समोरच्या टेबलावरनं हे वाक्य आलं. मला वाटलं दुसऱ्या कुणालातरी म्हणत्यात. मागं वळून बघितलं. मागं भिंत.

उठलो.

लगेच उठलो. सॉरी पण म्हणलो. त्यांनी उठवलं त्याचा राग हायच, पण मी सॉरी म्हणलो त्याचा जास्त हाय. अजून हाय.

आता हे कुठं, कसं, ते सांगतो. ठिकाण पुणं. पुण्याच्या कडंला वीस-वीस मजली सोसायट्या उगवल्यात बघा, त्यातली एक. नाव सांगत न्हाय. सगळ्यांची नावं इंग्रजी, सगळ्यांच्या गेटात एक बंद पडलेलं कारंजं. मी तिथं भाड्यानं ऱ्हायचो. एका फ्लॅटमध्ये चौघं. मी मूळचा कोल्हापूरचा, घर कागलच्या अलीकडं, वडील पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. मी डिप्लोमा केला आन पुण्यात एका कंपनीत लागलो. कुणाचा कॉम्प्युटर अडला की फोनवर सोडवायचा, हे काम. अजून कायम झालो न्हवतो.

पगार यायचा आन जायचा. आई फोनवर विचारायची, बाळा जेवलास का. मी म्हणायचो, व्हय, बिर्याणी. वडापाव खाल्लेला असायचा. पण पैशाचं रडगाणं न्हाय हे. महाग शहर म्हणजे पैसे जात्यात, एवढंच मला वाटायचं. दुसरं काय काय जातंय ते कुणी सांगितलंच न्हवतं.

पहिल्यांदा विश्वास जातोय. खरंच सांगतो. एजंटानं फोटोत दावलेला फ्लॅट एक आन दिला दुसराच, तिथनं सुरुवात. मग फ्रीजमधल्या अंड्यांवर पेननं नावं. चार पोरं, एक फ्रीज, अंड्यावर नाव. मी पहिल्यांदा बघितलं तवा हसलो, दुसऱ्या आठवड्यात मी पण पेन घेतला. मालकानं पॅसेजमध्ये कॅमेरा लावलेला, तुमच्याच सेफ्टीसाठी म्हणून. लिफ्टमध्ये माणूस शिरला की मोबाईलात बघणार. आठ म्हैन्यांत शेजारच्या दारामागं कोण ऱ्हातंय मला कळलं न्हाय. आन कुणी गोड बोललं की मी आधी खिसा चाचपायचो. ह्याला काय पायजे असंल, हेच पहिल्यांदा डोक्यात.

तर असा मी. आन एका गुरुवारी, माझी सुट्टी होती म्हणून, दुपारी दूध आणायला खाली गेलतो. परत येताना गेटवर एक म्हातारा वॉचमनशी बोलत उभा. पांढरी टोपी, इस्त्रीच्या घड्या तशाच असलेला शर्ट, हातात दुधाची किटली, तोंडाला फडकं बांधलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं आन म्हणला,

"पावणं, जरा हिकडं या की."

मी थांबलोच. पायच थांबले. आठ म्हैन्यांत हा शब्द कानावर पडला न्हवता. आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणत्यात. एस्टीत जागा पायजे, पावणं सरका. वाट चुकली, पावणं हा रस्ता कुठं जातोय. नाव म्हाईत न्हाय म्हणूनच पावणं. म्हाईत असतं तर नावानं हाक मारली असती की.

म्हातारा गडहिंग्लजकडचा. पहाटेच्या एस्टीनं निघून आलेला. पोरगा हितंच ऱ्हातोय म्हणला, मोठ्या हुद्द्यावर हाय, सांगून आलो न्हाय, चकित करावं म्हणून. फ्लॅट नंबर म्हाईत न्हाय. पोरगा फोन उचलंना. वॉचमननं त्या आडनावाच्या दोन घरात इंटरकॉम लावून बघितला, कामाचा दिवस, कुणी न्हाय. संध्याकाळी या बाबा, असं तो सांगत होता. चांगला माणूस होता वॉचमन. मला हळूच म्हणला, तुमच्या नावावर एन्ट्री घेता का, सावलीला बसतील बिचारे.

गेटचं ॲप असतंय. कोण आलंय ते आपण त्यात भरायचं. चार पर्याय. डिलिव्हरी, कॅब, स्टाफ, पाहुणे. मी पाहुणे दाबलं. मग खाली एक चौकोन आला. नातं.

मी टाईप केलं, पावणं.

एका सेकंदात केलं. विचार केलाच न्हाय. दुसरं काय लिवणार? हिरवी टिक आली, गेट उघडलं.

वर नेलं, पाणी दिलं. म्हाताऱ्यानं तांब्या मागितला, आमच्याकडं बाटल्या होत्या, तो बाटली वर धरून प्याला. आत बसायला न्हाय म्हणला. खाली झाडाखाली बसतो, पोरगा येताना दिसंल. किटली तेवढी ठेव, काकवी हाय, उन्हात मुंग्या लागत्यात. मी किटली ओट्यावर ठेवली. तेवढ्यात कंपनीचा फोन आला, माणूस कमी पडलाय, लॉगिन कर. सुट्टी गेली. हेडफोन घातला.

तीन तासानं काढला तर मोबाईलात मेसेजच मेसेज. सोसायटीच्या ग्रुपवरचे, कुणीतरी फॉरवर्ड केलेले. एक फोटो. म्हातारा पायजमा गुडघ्यापतुर वर करून लहान पोरांच्या स्विमिंग पूलच्या कडंला बसलाय आन पाय धुतोय. गावात हौदावर धुत्यात तसंच. खाली लिहिलेलं, किड्स पूलजवळ अनोळखी माणूस, मुलांना आत घ्या. मग एकानं, हातात पोतं आहे का बघा. मग दुसऱ्यानं, अशीच मुलं पळवतात. मग तिसऱ्यानं, आत सोडलं कुणी.

मी जिन्यानं पळत खाली गेलो. दोन गार्डांनी दंडाला धरून बाहेर काढलेलं त्याला. चपला पूलजवळच ऱ्हाईल्या होत्या. मी रिक्षा स्टँडपतुर पळालो. कुणी न्हाय. वॉचमनला दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या साईटवर पाठवला.

आन रविवारी मला क्लबहाऊसमध्ये बोलावलं. तर मी उभा. बाकी सगळी बसलेली.

टेबलामागं दोघं. त्या चेअरपर्सन मॅडम आन सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरी पंचेचाळिशीतले, गोरे न्हायत पण गोऱ्यासारखे वागणारे, कळलं न्हवं? बारीक आवाज, एकदम पुस्तकातलं मराठी, मध्येच इंग्रजी. समोर टॅब ठेवून वाचायला लागले.

"नातं, पावणं." परत एकदा वाचलं. "हे पावणं म्हणजे काय?"

"पाहुणे," मी म्हणलो.

"म्हणजे तुमचे नातेवाईक."

"न्हाय. नाही."

"मित्राचे वडील वगैरे?"

"नाही. ओळख नव्हती."

"ओळख नव्हती, आणि पाहुणे."

हॉल हसला. मागनं एकजण म्हणला, उद्या चोर आला तर मामा लिहील हा. अजून हसले. मी काय सांगणार? आमच्याकडं ओळख नसलेल्यालाच म्हणत्यात, हे मला त्यांच्या मराठीत जुळवून सांगता येईना. मी तसं बोलायला गेलो की शब्द अडकत होते, आन माझ्या मराठीत बोललो असतो तर अजून हसले असते. हातात काय धरावं कळंना, म्हणून पुढच्या खुर्चीची पाठ धरली तर त्या खुर्चीतल्या बाईंनी वळून बघितलं. हात काढला.

शेवटी म्हणलो, त्या आजोबांचा मुलगा इथंच राहतो, असं ते सांगत होते.

मॅडमनी हॉलकडं बघून विचारलं, गमतीत, कुणाचे बाबा हरवलेत का? परत हसणं. आन त्या हसण्यातच सेक्रेटरी बोलले. त्यांना कुणी विचारलं न्हवतं.

"मी न्हाय वळखत त्यास्नी."

लगेच घसा साफ केला. "म्हणजे, मी ओळखत नाही त्या माणसाला. कोणीच ओळखत नाही. पुढे चला."

कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. सगळी हसण्यात. माझ्या कानात मात्र ते तिथंच बसलं. न्हाय. वळखत. त्यास्नी. एका वाक्यात तिन्ही. असलं बोलणं शिकून येत न्हाय, ते आईच्या दुधासंगं येतंय. आन बाकीच्या सगळ्यांनी तीन दिवस त्याला तो माणूस, तो म्हातारा, तो संशयित म्हणलेलं. ह्या एकट्याच्या तोंडातनं मान देऊन निघालं. त्यास्नी.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी टॅबमध्ये बघितलं.

मग कागद पुढं सरकवला. छापूनच आणलेला. मी खाली सही करणार, एका अनोळखी इसमास पाहुणा असे खोटे सांगून आत घेतले, याबद्दल माफी मागतो, पुन्हा असे करणार नाही. पुढच्या रविवारपतुर सही आली तर कंपनीला लागणारं पत्त्याचं पत्र मिळणार. ते पत्र गेल्याशिवाय मी कायम होणार न्हवतो. सही न्हाय तर पत्र न्हाय, आन पोलिसांत तक्रार करायचा अधिकार सोसायटी राखून ठेवतीय, असं मॅडमनी गोड आवाजात सांगितलं.

कागद घडी करून खिशात ठेवला. लातूरचा रूममेट म्हणला, येडा हाईस का, एक शब्द आहे, खोटे, त्यानं काय होतंय, सही करून मोकळा हो. तो वाईट न्हाय. पण त्यानं हे सांगितलं आन मी पहिल्यांदा काय विचार केला म्हाईत हाय? ह्याला मालकानं तर सांगितलं नसंल मला पटवायला? बघा. एवढं पोखरलेलं मला.

ओट्यावर किटली होतीच. आठवडाभर तिच्याकडं बघितलं न्हवतं, आता उचलून बघितली. बुडाजवळ लाल ऑईलपेंटनं नाव आन गाव लिवलेलं. डेअरीला दूध घालणारी माणसं लिवत्यात, अदलाबदल होऊ नये म्हणून. आडनाव वाचलं. मग लिफ्टजवळ कमिटीचा बोर्ड हाय, तिथं जाऊन सेक्रेटरीचं वाचलं.

तेच. पण त्या आडनावाची आमच्याकडं गल्लीत दहा घरं असत्यात. त्यावरनं बाप-लेक कसं म्हणणार? म्हणलं, किटली तर परत द्यायला पायजे. एवढं निमित्त पुरं होतं.

शुक्रवारी सुटल्यावर बस धरली, किटली मांडीवर. शनिवारी सकाळी घरी चहा पीत होतो आन दार वाजलं. मी उठलो न्हाय. आतनंच विचारलं, कोण? कुणाकडं? फोन केलता का?

आई चुलीपासनं उठली, माझ्याकडं न बघता गेली, दार सताड उघडलं. कुणीतरी पत्ता चुकलेला माणूस. आई म्हणली, या की पावणं, पाणी घ्या आधी. त्यो पाणी प्याला, वाट विचारली, गेला. आई परत येऊन बसली आन भाकरी थापत म्हणली,

"पुण्यात पोरगं मोठं झालं का बारकं झालं, कळंना मला."

मी चहाचा कप खाली ठेवला. कागद काढून वडलांना दावला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणले, सही कर. मी म्हणलो, पण मी खोटं बोललो न्हवतो. वडील म्हणले, मी वीस वर्षं सुटताना गेटवर डबा उघडून दावतोय. रोज. चोर समजत्यात म्हणूनच बघत्यात न्हवं? काय झालं त्येनं? पोरं शिकली की.

आईच्या हातातली भाकरी तव्यावर जायची थांबली. आम्हाला कुणालाच हे म्हाईत न्हवतं. वडलांना पण सांगून टाकल्यावर कळलं असणार काय सांगितलं ते. उठून अंघोळीला गेले.

मी किटली घेतली आन कागल स्टँडवरनं गडहिंग्लजची गाडी धरली. तिथनं पुढं शिटा भरल्यावरच सुटणाऱ्या वडापाच्या जीपमध्ये कोंबून गावात. घर सापडायला काय न्हाय, किटलीवरचं नाव वाचून दावलं आन लोकांनी दारात नेऊन सोडलं. सोडलं म्हणजे थांबले पण. कोण, कुठला, कशाला, सगळं विचारून मग गेले.

म्हातारा अंगणात दोर वळत बसलेला. मला वळखलं. आधी मला बघितलं, मग किटली, मग माझ्या मागं रस्ता बघितला. अजून कोण हाय का म्हणून. त्याची बायको गूळ-पाणी घेऊन आली. मी पाणी पिऊन होईस्तोवर त्यो दोर वळत ऱ्हाईला. मग विचारलं,

"कुणी धाडलं तुला?"

"कुणी न्हाय."

"खरं सांग तम्मा." तिकडं सीमेवर धाकट्या भावाला तम्मा म्हणत्यात, कन्नडातनं आलंय. गोड शब्द, पण त्याच्या डोळ्यांत गोडी न्हवती. "काय लिवून न्यायला सांगितलंय का माझ्याकडनं?"

त्याला वाटत होतं मला सोसायटीनं पाठवलंय. मी त्याच्या पोराबद्दलचा संशय घेऊन आलेलो, आन त्यो माझ्यावर घेत होता. मी कागद काढला, वाचून दावला. खोटे हा शब्द आला तवा त्यानं दोर खाली ठेवला.

"माझा पोरगा ऱ्हात न्हाय तिथं," त्यो म्हणला. "इमारत चुकली माझी."

बायको तिथंच उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग तांब्या उचलला आन आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला. एकदाच.

मी म्हणलो बरं. काय म्हणणार? तुमच्या चपला ऱ्हाईल्या, त्या मिळाल्या न्हाईत, म्हणलो. त्यो म्हणला, असू दे, जुन्या होत्या. मी उठलो, किटली त्याच्याजवळ ठेवली आन फाटकापतुर आलो. त्यो मागं मागं आला. फाटकाला हात लावून उभा ऱ्हाईला आन हळू, घरात ऐकू जाऊ नये असं विचारलं,

"बारीक झालाय का त्यो?"

मी कुणाचं नाव काढलं न्हवतं. त्यानं पण न्हाय.

"न्हाय," म्हणलो. "चांगला हाय."

त्यानं मान हलवली. गेला, किटली घेऊन आला, फडक्याची गाठ परत आवळली आन माझ्या हातात दिली. त्येच्या दारात ठेव, म्हणला, काय बोलू नगो. आन मग माझ्या दंडाला धरलं. गार्डांनी त्याला धरलं असंल तिथंच, मला उगाच वाटलं.

"सही करून टाक तम्मा. त्येला तरास हुईल. चार माणसांत बसतोय त्यो."

चार माणसांत बसतोय. परतीच्या अख्ख्या वाटेत तेवढंच डोक्यात. खुर्चीवर बसायला त्या माणसानं बाप खाली उभा ठेवला, बोलणं बदललं, आन बाप म्हणतोय त्येची खुर्ची संभाळ. लई राग आला. पण खरी भीती वेगळीच. सकाळी मीच आतनं विचारलं होतं, कोण, कुणाकडं, फोन केलता का. आठ म्हैन्यांत एवढं. वीस वर्षांत मी कुठं असणार? त्याच टेबलामागं की. कागद छापून.

त्या माणसाला पण कुणीतरी एकदा उठवलं असणार. त्यानं पण सॉरी म्हणलं असणार.

रविवारी सकाळी क्लबहाऊसला गेलो. परत तेवढ्याच खुर्च्या, परत निम्म्या मोकळ्या. ह्यावेळी मागं गेलो न्हाय. पहिल्या ओळीतली मधली खुर्ची ओढली. लई आवाज झाला, फरशी गुळगुळीत होती. बसलो. किटली मांडीवर.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला मागच्या वेळी सांगितलं होतं."

"व्हय," म्हणलो. "ऐकलं होतं."

आन बसून ऱ्हाईलो. किटलीची कडी मांडीवर वाजत होती, खोटं कशाला सांगू, म्हणून हात ठेवला तिच्यावर. कुणी हसलं न्हाय. मागनं एकजण उठवा त्याला म्हणला, पण उठवायला कुणी आला न्हाय. आपल्या हातानं उठवायचं म्हणलं की ह्या लोकांना गार्ड लागतोय.

मी कागद टेबलावर ठेवला. सही न्हाय. खोटे ह्या शब्दावर पेननं काट मारलेली, आन त्याच्यावर लिवलेलं, नातं पावणं. बरोबर लिवलेलं. मग बोललो. माझ्या मराठीत बोललो, जसं येतं तसं.

म्हणलो, आमच्यात वळख नसलेल्या माणसाला पावणं म्हणत्यात. म्हाईत नसलेला माणूस दारात आला तर त्यो आपला पावणा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तुमच्या ॲपला कळला न्हाय, तुम्हाला कळला न्हाय. पण खोटं मी बोललो न्हाय. हितं खोटं कुणी बोललं असंल तर त्यो मी न्हवं.

शेवटचं वाक्य बोलताना सेक्रेटरीकडं बघितलं. फक्त बघितलं. ते पांढरे पडले. मग मी उठून किटली टेबलावर ठेवली. नावाची बाजू त्यांच्याकडं.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"पावण्यांचं हाय. इसरलेत."

सेक्रेटरींचा हात पुढं आला. दिसला मला. दोन बोटं फडक्याच्या गाठीपतुर आली. ती गाठ कुणी बांधलीय ते त्यांना म्हाईत असणारच, घराघराची गाठ वेगळी असतीय. मग हात मागं गेला, टॅबवर गेला.

"नेक्स्ट पॉईंट," ते म्हणाले. एकदम शुद्ध.

मी नाव घेतलं न्हाय. म्हाताऱ्यानं बोलू नगो म्हणलेलं, आजही घेत न्हाय. पण सही पण दिली न्हाय. त्याच्यासाठी पण न्हाय.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. आठ दिवसांत खोली सोडा. पत्त्याचं पत्र आलं न्हाय, कंपनीनं एक म्हैना वाट बघून थँक्यू म्हणलं. खोली सोडताना क्लबहाऊसवरनं गेलो. काचेतनं बघितलं. किटली तिथंच टेबलावर होती. मुंग्यांची एक ओळ टेबलाच्या पायावरनं वर चाललेली. दार बंद होतं, मेंबर्सच्या कार्डनं उघडतंय.

आता कोल्हापुरात हाय. कागलला वडलांच्याच फाउंड्रीत कॉन्ट्रॅक्टवर. पगार कमी. लई बरं वाटतंय असं म्हणणार न्हाय, कारण वाटत न्हाय. गल्लीत लोक विचारत्यात, काय केलंस तिथं, का काढलं? संशय हितं पण हाय. मला पण अजून हाय, कुणी गोड बोललं की हात खिशाकडं जातोय. आन आमच्या हायवेला नवीन टॉवर उभा ऱ्हातोय, बोर्डावर लिवलंय, पुण्यासारखं राहणीमान. गेटची कमान तयार हाय. कारंजं पण.

कामावर पहिल्या दिवशी सुटताना गेटवर गार्ड म्हणला, डबा उघड. मी म्हणलो, सगळ्यांचा बघताय का? मॅनेजरच्या गाडीची डिकी पण? त्यो म्हणला, न्हाय. मग माझा पण न्हाय, म्हणलो. मागं रांगेत वडील उभे होते, पाळी एकच आमची. त्यांचा डबा हातात तयार होता, झाकण सैल केलेला. त्यांनी मला पुढं हो म्हणून खुणावलं न्हाय. गप बस म्हणून पण न्हाय. उभे ऱ्हाईले. झाकण परत घट्ट केलं का ते मला दिसलं न्हाय.

रोज विचारत्यात. रोज न्हाय म्हणतोय. किती दिवस ठेवत्यात बघू.

त्या टॉवरला माणसं ऱ्हायला आली की तिथं पण चौकोन येणार, नातं काय. मी पावणं लिवणार. आन मोकळी खुर्ची दिसली की बसणार. टेबलावरनं आवाज आला तर ह्यावेळी मागं वळून बघणार न्हाय. मागं भिंत हाय, मला म्हाईत हाय. मलाच म्हणत्यात ते. मी बसलेलाच असणार.